चुकीच्या तारखेचा आरोपी

१५ एप्रिल १८१५ रोजी नेपोलियनने आपला सव्विसावा मार्शल नेमला. तो शेवटचा ठरला. आधीच्या पंचवीस जणांमध्ये खानावळवाल्याचा मुलगा म्युरा होता, पिंपं बांधणाऱ्या कारागिराचा मुलगा ने होता, पोरक्या वयात व्यापारी जहाजावर पोऱ्या म्हणून राबलेला मासेना होता. क्रांतीने फ्रान्सच्या सैन्याची दारं सताड उघडली आणि कर्तबगारीच्या जोरावर कुणीही वर चढू शकतो हे या माणसांनी दाखवून दिलं. सव्विसाव्याची गोष्ट बरोबर उलटी होती. एमान्युएल द ग्रूशी हा जन्मानेच मार्की, म्हणजे उमरावांतलाही वरच्या पायरीचा. वर चढण्यासाठी त्याला काही करावं लागणार नव्हतं. जिथे होता तिथे टिकून राहण्यासाठी मात्र तो आयुष्यभर झगडला.

जगाला तो माहीत आहे तो एका दिवसामुळे. १८ जून १८१५. वॉटर्लूच्या मैदानावर नेपोलियन उजवीकडच्या क्षितिजाकडे डोळे लावून ग्रूशीची वाट पाहतो आणि तिथून प्रशियाचा ब्ल्यूखर येतो. व्हिक्टर ह्यूगोने या क्षणावर कविता लिहिली. स्टेफान झ्वाइगने अख्खा निबंध लिहून ग्रूशीला प्रामाणिक पण सामान्य वकुबाचा, निर्णय घ्यायला घाबरणारा माणूस ठरवून टाकलं. तोफांचा आवाज ऐकूनही तो हलला नाही, म्हणून साम्राज्य बुडालं, असा हा एका ओळीचा निकाल. तो लोकांना पटतो, कारण इतक्या मोठ्या पराभवाला एक चेहरा मिळतो.

पण ग्रूशीची पस्तीस वर्षांची नोकरी नीट तपासली तर हा निकाल चुकीच्या तारखेवर लावला आहे असं वाटू लागतं. त्याचा खरा गुन्हा आदल्या दिवशी, १७ जूनला घडला. आणि तो भित्रेपणाचा मुळीच नव्हता. तो घोडदळाच्या कामातला गुन्हा होता, म्हणजे जे काम त्याला सगळ्यांत चांगलं यायला हवं होतं त्यातलाच.

ग्रूशीचा जन्म पॅरिसमध्ये २३ ऑक्टोबर १७६६ रोजी झाला. घराणं मूळचं नॉर्मंडीचं, जुनं, आणि पॅरिसच्या वायव्येला व्हिलेत इथे त्यांचा देखणा वाडा. पोरगा तेराचौदा वर्षांचा असताना तोफखान्यात दाखल झाला, लवकरच घोडदळात गेला आणि विशीत राजाच्या अंगरक्षकांच्या ‘स्कॉटिश’ तुकडीत अधिकारी झाला. नाव स्कॉटिश असलं तरी तिच्यात स्कॉटलंडची माणसं कधीच उरली नव्हती. तिथे जागा मिळायची ती कुळावर. राजाच्या इतक्या जवळ वावरणाऱ्या तरुणाने खरं तर क्रांती होताच सरहद्द ओलांडून पळायचं. त्याच्या बरोबरीच्या शेकडो अधिकाऱ्यांनी तेच केलं.

ग्रूशी पळाला नाही, आणि त्यामागे त्याची थोरली बहीण होती. सोफी द ग्रूशी ही त्या काळातल्या फ्रान्समधल्या सर्वांत तल्लख स्त्रियांपैकी एक. १७८६ मध्ये तिने गणिती आणि तत्त्वज्ञ कोंदोर्सेशी लग्न केलं. कोंदोर्से टांकसाळीचा मुख्य निरीक्षक होता, त्यामुळे पॅरिसच्या टांकसाळीतच सोफीची बैठक भरायची आणि टॉमस पेनसारखे लोक तिथे वादाला येऊन बसायचे. पुढे तिने अॅडम स्मिथच्या नीतिविषयक ग्रंथाचा फ्रेंच अनुवादही केला. दुसरी बहीण शार्लोत वैद्य आणि विचारवंत काबानिसच्या घरात पडली. थोडक्यात, ज्या घरात राजाच्या पहारेकऱ्याची तलवार टांगलेली होती त्याच घरात राजेशाहीच्या मुळावर येणारी पुस्तकंही वाचली जात होती. ग्रूशीने १७८७ च्या सुमारास अंगरक्षकांची तुकडी सोडली आणि क्रांती आल्यावर तिच्या बाजूने उभा राहिला. १७९२ मध्ये तो जनरल झाला.

क्रांतीने मात्र त्याला आपला मानलं नाही. व्हांदे प्रांतातल्या राजनिष्ठ बंडखोरांविरुद्ध तो लढला, नान्तच्या बचावात होता, जखमी झाला. आणि त्याच १७९३ च्या शरद ऋतूत हुकूम आला की उमराव कुळातल्या अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकावं. ग्रूशी घरी. इकडे कोंदोर्से अटकेच्या भीतीने लपून बसला होता. मार्च १७९४ मध्ये तो पकडला गेला आणि कोठडीतच मेला. सोफी छोटी व्यक्तिचित्रं रंगवून पोट भरत होती. पुढच्या वर्षभरात वारं फिरलं, ग्रूशीला परत बोलावलं आणि १७९५ मध्ये त्याला डिव्हिजनल जनरलचा हुद्दा मिळाला. पण आपलं रक्तच आपल्याविरुद्धचा पुरावा आहे, हे त्याला तेव्हाच कळून चुकलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. या माणसाने पुढे वरिष्ठांचा हुकूम अक्षरन् अक्षर का पाळला याचं उत्तर शोधताना १७९३ ची ही बडतर्फी विसरून चालत नाही.

त्यानंतर आला आयर्लंडचा खेळ. डिसेंबर १७९६ मध्ये चाळीसहून अधिक जहाजं आणि सुमारे १५,००० सैनिक ब्रेस्तहून निघाले. इंग्रजांच्या पाठीत आयर्लंडमधून सुरा खुपसायचा बेत होता. सेनापती लाझार ओश, त्याचा दुय्यम ग्रूशी, आणि बरोबर आयरिश क्रांतिकारक वुल्फ टोन फ्रेंच गणवेशात. निघाल्या निघाल्या धुक्यात आणि वाऱ्यात आरमार पांगलं. ओश ज्या जहाजावर होता ते हरवलंच. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला बँट्रीच्या आखातात ग्रूशी पोहोचला तेव्हा त्याच्यापाशी सहा-साडेसहा हजार माणसं होती आणि किनाऱ्यावर अडवायला जवळपास कुणी नव्हतं.

इथे तो काय करतो हे पाहण्यासारखं आहे. सेनापती बेपत्ता, हुकूम नाही, सैन्य निम्म्याहून कमी. वॉटर्लूच्या दंतकथेतला ग्रूशी असता तर ओशची वाट पाहत बसला असता. या ग्रूशीने २४ डिसेंबरला उतरायचा निर्णय घेतला. दोनतीन दिवस वाया गेले होते हे खरं, पण निर्णय झाला, कागद झाले. आणि त्याच रात्री पूर्वेकडून वादळ सुटलं. आखाताच्या आतून समुद्राकडे वाहणाऱ्या त्या वाऱ्यात होड्या किनाऱ्याकडे जाईनात. आरमाराचा प्रमुख बूव्हेने नांगराचे दोर तोडून जहाज खोल समुद्रात काढलं. ग्रूशी त्याच जहाजावर होता, काहीही करू न शकणारा प्रवासी म्हणून. नवं वर्ष उजाडता उजाडता ते ब्रेस्तला परतले. हातात आलेला विजय दुसऱ्याच्या निर्णयामुळे निसटताना पाहण्याची ही त्याची पहिली वेळ.

पुढची तीन-चार वर्षं इटलीत आणि तुरुंगात गेली. डिसेंबर १७९८ मध्ये तुरीनमध्ये पीडमाँटच्या राजाला गादी सोडायला लावण्याच्या कामात त्याचा हात होता. मार्कीने राजाला उतरवावं, हा तेव्हाच्या काळाचा विनोद. १५ ऑगस्ट १७९९ ला नोव्हीच्या लढाईत रशियाच्या सुव्होरोव्हने फ्रेंचांची दाणादाण उडवली. पिछाडी सांभाळताना ग्रूशी पास्तुराना गावात शत्रूच्या हाती लागला. अंगावर तलवारी आणि संगिनींच्या चौदा जखमा झाल्याची नोंद आहे. तो ऑस्ट्रियाच्या कैदेत असतानाच तिकडे पॅरिसमध्ये नेपोलियनने सत्ता बळकावली, आणि या कैद्याने जखमा भरत असताना तिथून त्याविरुद्ध निषेध लिहून पाठवला. सुटून आल्यावर तो जनरल मोरोच्या हाताखाली गेला आणि ३ डिसेंबर १८०० ला होहेनलिंडेनच्या बर्फातल्या जंगलात चांगला लढला. मोरो म्हणजे नेपोलियनचा एकमेव तोलामोलाचा प्रतिस्पर्धी. १८०४ मध्ये मोरोवर खटला होऊन त्याला देशाबाहेर घालवण्यात आलं आणि त्याच्या मित्रांच्या नावांपुढे खुणा झाल्या. आधी क्रांतीने उमराव म्हणून संशय घेतला, आता सम्राट प्रजासत्ताकवाला म्हणून घेणार होता.

तरी माणूस कामाचा होता आणि नेपोलियनला घोडदळाचे जाणते सेनानी हवेच होते. तेव्हाच्या युरोपी घोडदळाचं काम दोन तऱ्हांचं असे. एक धक्क्याचं : छातीवर पोलादी पत्रे घातलेले दांडगे स्वार दांडग्या घोड्यांवरून फळी करून शत्रूवर कोसळायचे. दुसरं डोळ्यांचं : हुसार आणि शास्यूर नावाचे हलके स्वार सैन्याच्या पुढे मैलोन् मैल पसरून शत्रू कुठे आहे, किती आहे, कुठल्या रस्त्याने चाललाय ते कळवायचे, आणि तो हरला की पाठलाग करून त्याला सावरू द्यायचे नाहीत. या दोघांच्या मधले ड्रॅगून दोन्ही कामं करायचे आणि वेळ पडली तर खाली उतरून बंदूकही चालवायचे. मराठी वाचकाला यातलं दुसरं काम जास्त ओळखीचं वाटेल. लढाईच्या चित्रांत मात्र पहिलंच दिसतं, कारण चित्रकाराला धूळ, तलवारी आणि उधळलेले घोडे लागतात. चार दिवस चिखलातून शत्रूचा माग काढणारा स्वार कुणी रंगवत नाही.

ग्रूशीच्या वाट्याला १८०६ मध्ये ड्रॅगूनची डिव्हिजन आली आणि प्रशियाच्या पाडावानंतरच्या पाठलागात तिने त्सेडेनिक, प्रेन्त्स्लाऊ, ल्यूबेक अशी मजल मारली. ८ फेब्रुवारी १८०७ ला आयलाऊला बर्फाच्या वादळात फ्रेंच पायदळाची एक आख्खी कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून झालेली फौज, कापली गेली, तेव्हा म्युराने घोडदळाचा जो प्रचंड लोट रशियनांवर सोडला त्यात ग्रूशीचे ड्रॅगून पुढे होते. त्याचा घोडा मेला, तो शत्रूच्या गर्दीत पायउतार झाला. त्याला वाचवलं त्याच्या मदतनीस अधिकाऱ्याने. त्या तरुणाचं नाव ज्यॉर्ज वॉशिंग्टन द लाफायेत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गाजलेल्या लाफायेतचा हा मुलगा. बाप नेपोलियनपुढे वाकत नव्हता म्हणून मुलाला या पराक्रमानंतरही बढती मिळाली नाही आणि शेवटी कंटाळून त्याने सैन्य सोडलं. संशयितांच्या तंबूत संशयितच जमतात, एवढंच.

त्याच वर्षी १४ जूनला फ्रीडलंड. म्युरा दुसरीकडे असल्यामुळे मैदानातलं घोडदळ ग्रूशीच्या हाती आलं. पहाटेपासून मार्शल लान्स मोठ्या रशियन सैन्याला थोडक्या माणसांनिशी थोपवून धरत होता. नेपोलियन यायला अवकाश होता. डाव्या बगलेला हाइन्रिख्सडॉर्फ गाव गेलं असतं तर सगळी फळी मागून कापली गेली असती. ग्रूशीने ते गाव घेतलं, राखलं, पुढे सरून आणि मागे हटून रशियन स्वारांना दिवसभर झुलवत ठेवलं. त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम दिवस बहुधा हाच. १८ जूनप्रमाणे १४ जूनही लोकांच्या लक्षात राहता तर बरं झालं असतं.

१८०८ चं माद्रिद त्याच्या चरित्रातला काळा कागद आहे. शहराचा गव्हर्नर तो होता. फ्रेंचांविरुद्धच्या २ मेच्या उठावानंतर ज्या लष्करी मंडळाने पकडलेल्या माणसांना गोळ्या घालण्याच्या शिक्षा दिल्या त्याचा अध्यक्षही तोच. गोयाच्या प्रसिद्ध चित्रातल्या, हात पसरून बंदुकांसमोर उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसामागे ही कागदपत्रं आहेत. प्रबोधनकाळाच्या सगळ्या ग्रंथांत वाढलेला माणूस असं का करतो? त्याला हुकूम म्युराचा होता, हे खरं. पण हुकूम होता, एवढ्यानेच हा कागद पुसला जात नाही.

१८०९ मध्ये वाग्रामला त्याचे ड्रॅगून मार्शल दावूच्या उजव्या बगलेला होते. त्याच वर्षी तो शास्यूर घोडदळाचा कर्नल-जनरल झाला आणि साम्राज्याचा काउंटही. जन्माने मार्की असलेल्या माणसाला बढती म्हणून काउंटपद मिळालं, म्हणजे जुन्या हिशेबाने एक पायरी खालचं. त्याने ते निमूटपणे घेतलं.

रशियात १८१२ मध्ये तिसरी घोडदळ कोअर त्याची. बोरोदिनोला छर्ऱ्याने छातीत जखम झाली. परतीच्या वाटेवर घोडे मेले ते शत्रूच्या गोळ्यांनी कमी आणि भूक, थंडी, बर्फावर घसरणाऱ्या नालांनी जास्त. बेरेझिना नदीच्या आसपास अशी वेळ आली की नेपोलियनभोवती राखण करायला घोडेस्वार तुकडी उरली नाही. तेव्हा ज्या अधिकाऱ्यांकडे अजून चालणारा घोडा होता त्यांना गोळा करून ‘पवित्र तुकडी’ उभी केली. तिच्यात जनरल कप्तानाचं काम करत होते, कर्नल हवालदाराचं, आणि सगळ्यांवर ग्रूशी. काही दिवसांत तीही वितळली. ज्या घोडदळावर त्याने हयात घालवली होती ते संपताना त्याने पहिल्या रांगेतून पाहिलं.

प्रकृती ढासळली होती. १८१३ साठी त्याने पायदळाची कोअर मागितली. नेपोलियनने नाकारली आणि हा रुसून घरी बसला. हे लक्षात ठेवायला हवं, कारण दोन वर्षांनी पायदळाच्या दोन कोअर एकदम त्याच्या गळ्यात पडल्या तेव्हा त्याने इतकं पायदळ एकट्याने कधी हाताळलेलं नव्हतं. १८१४ मध्ये शत्रू फ्रान्समध्ये घुसला तेव्हा तो पुन्हा आला. १४ फेब्रुवारीला व्होशांला त्याने घोडदळ घेऊन शेतांतून वळसा घातला आणि माघार घेणाऱ्या ब्ल्यूखरचा रस्ताच अडवला. घोड्यांच्या तोफा चिखलात रुतून मागे राहिल्या, नाहीतर म्हातारा ब्ल्यूखर त्या दिवशी हाती लागला असता. तरीही प्रशियन आणि रशियन सैन्याची हजारो माणसं तिथे गेली. पुढे क्राओनला मांडीत गोळी लागली आणि त्याच्यापुरतं ते युद्ध संपलं.

नेपोलियन पायउतार झाला आणि बुर्बन राजे परतले, तेव्हा या मार्कीचे दिवस फिरायला हवे होते. झालं उलटंच. शास्यूरचं कर्नल-जनरलपद काढून राजाच्या पुतण्याला, बेरीच्या ड्यूकला दिलं. ग्रूशीने तक्रार केली आणि त्याची रवानगी पुन्हा स्वतःच्या जमिनीवर झाली. क्रांतीला तो राजाचा माणूस वाटला, सम्राटाला मोरोचा, आणि राजाला सम्राटाचा! एल्बाच्या हद्दपारीतून नेपोलियन परत आला तेव्हा ग्रूशीकडे गमावण्यासारखं थोडंच होतं. दक्षिणेत आंगुलेमचा ड्यूक राजासाठी फौज जमवत होता. ग्रूशीला तिकडे धाडलं. ड्यूकने शरणागती पत्करली, नेपोलियनच्या हुकमानुसार त्याला सेतच्या बंदरातून जहाजात बसवून सुखरूप सोडण्यात आलं आणि ग्रूशीला मार्शलची छडी मिळाली.

१५ जूनला फ्रेंच सैन्य शार्लरुआजवळ सांब्र नदी ओलांडून बेल्जियममध्ये शिरलं. आधी राखीव घोडदळाचा प्रमुख म्हणून नेमलेल्या ग्रूशीला आता आख्खी उजवी बाजू दिली गेली. १६ तारखेला लिन्यीला नेपोलियनने ब्ल्यूखरला हरवलं. बहात्तर वर्षांचा ब्ल्यूखर मेलेल्या घोड्याखाली अडकला आणि फ्रेंच स्वार त्याच्या जवळून निघून गेले. त्याच्या गैरहजेरीत मुख्याधिकारी ग्नायझेनाऊने ठरवलं की पूर्वेला आपल्या रसदीकडे, लिएजकडे न जाता उत्तरेला वाव्रकडे माघार घ्यायची. वाव्र म्हणजे ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनपासून एका दिवसाच्या चालीवर. १८१५ चं भवितव्य ठरलं ते या निर्णयाने, आणि तो १६ च्या रात्री झाला.

आता १७ जून. हरलेल्या सैन्याच्या मागे पहाटेच घोडदळ सोडायचं, हे त्या काळातल्या कोणत्याही सेनानीला शिकवावं लागत नसे. पण सकाळ गेली. नेपोलियन रणांगणावर फिरत होता, जखमींची चौकशी करत होता, पॅरिसच्या राजकारणावर बोलत होता. ग्रूशी हुकमासाठी त्याच्या मागेमागे. दुपार होत आली तेव्हा हुकूम मिळाला : सुमारे ३३,००० माणसं आणि ९६ तोफा घे, प्रशियनांचा पाठलाग कर. ग्रूशीच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, शत्रू कित्येक तास पुढे गेला आहे म्हणून त्याने हे काम टाळायचा प्रयत्न केला. नंतर लेखी हुकूमही आला. त्यात जांब्लूला जा आणि नामूर व मास्त्रिख्तच्या दिशेने टेहळणी कर असं होतं, म्हणजे बोट पूर्वेला. पण त्याच हुकमात खरा प्रश्नही होता : ब्ल्यूखर आणि वेलिंग्टन एकत्र येणार आहेत का, ते शोध.

या एका प्रश्नावर सगळं अवलंबून होतं आणि त्याचं उत्तर घोड्यावरूनच मिळणार होतं. पहाटे जनरल पाजोलचे हलके स्वार नामूरच्या रस्त्याने गेले, तिथे त्यांना काही तोफा आणि भटकलेले सैनिक सापडले. झालं, प्रशियन पूर्वेला पळाले असा समज पक्का झाला. जनरल एक्सेलमान्सच्या ड्रॅगूनना जांब्लूपाशी प्रशियाची एक पूर्ण कोअर विसावलेली दिसली. एवढी मोलाची बातमी त्याने वेळेवर मागे कळवली नाही, आणि दुपारी ती कोअर उठून गेली तेव्हा तिचा माग सुटला. आणि पश्चिमेला? तिली आणि माँ-सें-गिबेरच्या रस्त्याने, म्हणजे ग्रूशी आणि नेपोलियन यांच्या मधल्या पट्ट्यातून, प्रशियाच्या दोन कोअर वाव्रकडे चालल्या होत्या. त्या बाजूला कुणी नीट पाहिलंच नाही. वीस वर्षं स्वारांचे डोळे वापरून युद्ध खेळलेला माणूस नेमक्या त्या दिवशी एका डोळ्याने पाहत होता.

नेपोलियनच्या समोर तेव्हा वेलिंग्टन होता. बारा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर केळणा नदीकाठी तो असाच अडला होता. वाटाडे सांगत होते की नदीला उतार नाही. पण काठावर समोरासमोर दोन गावं दिसताच त्याने ताडलं की गावं अशी वसली आहेत तर मधून ये-जा असणारच. माणूस पाठवून खात्री करून घेतली आणि सैन्य तिथून उतरवलं. समोर दिसत नाही ते ताडणं, आणि ताडलेलं लगेच तपासणं. १७ जूनला फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर यातलं एकही झालं नाही.

त्यात दुपारनंतर धो धो पाऊस. पायदळाला लिन्यी ते जांब्लू हे सुमारे दहा किलोमीटर कापायला संध्याकाळ उलटली. व्हांदाम आणि जेरार हे दोघे कोअर सेनापती नव्या मार्शलच्या हाताखाली काम करावं लागतंय म्हणून धुसफुसत होते. रात्री दहाला ग्रूशीने नेपोलियनला पत्र लिहिलं : शत्रूचा एक भाग वाव्रकडे, एक लिएजकडे गेलेला दिसतो, मुख्य सैन्य वाव्रकडे गेलं तर ते वेलिंग्टनला मिळू नये म्हणून मी मागे जाईन. म्हणजे उत्तराच्या अगदी जवळ तो पोहोचला होता. मग पहाटे चारच्या सुमारास, उजाडताच निघायचं, तर तो निघाला सातआठला, दोन्ही कोअर एकाच रस्त्यावर एकीमागे एक. हे झालं वरातीमागून घोडं.

यापुढची गोष्ट सर्वांना पाठ आहे. १८ तारखेला सकाळी साडेअकराच्या सुमारास वालांमध्ये एका नोटरीच्या घरी ग्रूशी न्याहारीला थांबला. समोर स्ट्रॉबेरी होत्या. पश्चिमेकडून तोफांचा गडगडाट सुरू झाला. जेरारने आग्रह धरला की तोफांच्या दिशेने कूच करायचं. तोफखान्याच्या अधिकाऱ्याने चिखलाचं कारण दिलं, सफरमैनांच्या प्रमुखाने वाट काढून देतो म्हटलं, आवाज चढले, आणि भोवती हाताखालचे अधिकारी ऐकत होते. ग्रूशी नाही म्हणाला. सम्राटाने प्रशियनांच्या मागे जायला सांगितलंय, तिकडेच जाणार.

समजा, तो निघाला असता. वालांपासून रणांगण वीस किलोमीटरहून दूर, मध्ये दील नदी, तिचे अरुंद पूल, आणि आदल्या दिवशीच्या पावसाने लगदा झालेल्या वाटा. तोफांसकट तीसेक हजार माणसं अंधार पडायच्या आत तिथे पोहोचणं जवळपास अशक्य. शिवाय ब्यूलोची प्रशियन कोअर दुपारी एकच्या सुमारास वॉटर्लूजवळ पोहोचलीही होती. वाटेत त्याने काही प्रशियनांना अडकवून ठेवलं असतं, हा युक्तिवाद खोडता येत नाही. पण साम्राज्य वाचलं असतं असं म्हणायला पुष्कळ कल्पनाशक्ती लागते. १७ च्या दुपारी चार स्वार योग्य रस्त्यावर गेले असते आणि १८ च्या पहाटे फौज दीलच्या पुलांकडे वळली असती, तर मात्र डाव वेगळा झाला असता.

आणि नेपोलियनचे हुकूम? सकाळी दहाचा खलिता ग्रूशीला वाव्रकडेच जायला सांगत होता आणि त्याच दमात आमच्याजवळ ये असंही म्हणत होता. तो पोहोचला दुपारी चारच्या आसपास. एकच्या खलित्यात, ब्यूलो दिसला आहे, ताबडतोब ये, असं स्पष्ट होतं. तो हाती पडला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि व्हांदाम वाव्रच्या पुलावर माणसं झोकून देऊन अडकला होता. बिएर्जच्या गिरणीपाशी जेरारच्या छातीत गोळी लागली. तीलमानची प्रशियन कोअर निम्म्या संख्येने सगळ्यांना गुंतवून ठेवत होती. रात्री फ्रेंचांना लिमालचा पूल मिळाला आणि १९ च्या सकाळी वाव्रची लढाई ग्रूशीने जिंकली. साडेदहाच्या सुमारास धावत आलेल्या अधिकाऱ्याने वॉटर्लूची बातमी दिली.

इथून पुढच्या दहा दिवसांत त्याने जे केलं त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. नेपोलियनचं सैन्य फुटून वाहत होतं, दोन विजयी सैन्यं मधे, आणि ग्रूशी तीसेक हजार माणसांसह परमुलखात एकटा. व्हांदामने ब्रसेल्सवर चाल करायची असं सुचवलं. ग्रूशीने ते बाजूला सारलं, घोडदळ नामूरला पुढे पाठवून तिथला पूल ताब्यात घेतला, आणि २० जूनला पूर्ण फौज, जखमी आणि तोफा त्यावरून काढल्या. शेवटी जनरल तेस्तच्या छोट्या डिव्हिजनने शहराच्या दरवाजांवर प्रशियनांना इतकं रक्तबंबाळ केलं की पाठलाग तिथेच थांबला. दिनां, जिव्हे करत जूनअखेर ही फौज पॅरिसपाशी पोहोचली. त्या मोहिमेतून तोफा आणि शिस्तीसह परतलेली फ्रेंचांची ती एकमेव मोठी तुकडी. हुकूम देणारा कुणी नसताना, स्वतःच्या अकलेने.

२४ जुलै १८१५ च्या राजाज्ञेत लष्करी न्यायालयापुढे उभं करायच्या लोकांच्या यादीत त्याचं नाव आलं. त्याच यादीतल्या नेला डिसेंबरमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. ग्रूशी तोवर निसटून अमेरिकेकडे निघाला होता. इकडे सेंट हेलेनावर नेपोलियन पराभवाची कारणं सांगत होता आणि त्यांत ग्रूशीचं नाव वारंवार येत होतं. नेपोलियनजवळ राहून आलेल्या जनरल गूर्गोचं पुस्तक निघालं तेव्हा १८१८ मध्ये ग्रूशीने फिलाडेल्फियातून त्याला छापील उत्तर दिलं. मग पत्रकांची जी लढाई जुंपली ती वाव्रपेक्षा कितीतरी जास्त चालली. माफी मिळून तो १८२० च्या सुमारास परतला, पण मार्शलपद परत मिळालं नाही. राजाच्या लेखी तो जनरलच.

१८३० ची क्रांती झाली आणि वालांमध्ये आवाज चढवणारा जेरार युद्धमंत्री आणि मार्शल झाला. ग्रूशीची छडी त्याला परत मिळाली ती पुढच्या वर्षी, १८३१ मध्ये. मग उमरावसभेत दोघेही बसले. ग्रूशी २९ मे १८४७ रोजी सेंत-एत्येनमध्ये वारला, ऐंशी वर्षांचा होऊन. पॅरिसला वेढणाऱ्या हमरस्त्यांना नेपोलियनच्या एकोणीस मार्शलांची नावं दिली गेली, त्यात ग्रूशी नाही. त्याच्या नातवाने १८७३-७४ मध्ये आजोबांचे कागद पाच खंडांत छापले. बँट्री, नोव्ही आणि फ्रीडलंडही त्यांत आहेत, पण त्यांतला फार मोठा भाग शेवटी १८१५ च्या त्या थोड्या दिवसांचा हिशेब देण्यातच खर्ची पडला आहे.